विश्लेषण : इंद्रायणी भाताच्या सुवासातला रेणू क्षयरोगाचे औषध कसा घडवतो?

मावळातल्या इंद्रायणी तांदळाचा सुवास ज्या कच्च्या मालातून तयार होतो, तो प्रोलिन नावाचा चिमुकला रेणू रसायनशास्त्रज्ञांच्या हातातले महत्त्वाचे अवजार ठरला आहे. महागड्या धातूंशिवाय औषधे घडवण्याची ही पद्धत काय आहे, तिच्यासाठी २०२१चे नोबेल का दिले गेले आणि पुण्याच्या प्रयोगशाळेत त्यावर काय काम झाले, याचा आढावा.

मावळाचा तांदूळ आणि प्रोलिन यांचा संबंध काय?

कामशेत, वडगाव किंवा पवनानगरच्या एखाद्या घरात नव्या इंद्रायणीचा भात शिजत असेल, तर त्याचा वास ओट्यावरच थांबत नाही, अंगणापर्यंत पोहोचतो. हे वाण वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात विकसित झाले. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या या केंद्रात आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून ते तयार करण्यात आले आणि १९८७ मध्ये शेतकऱ्यांपर्यंत पोहोचले. सुवास आंबेमोहोराचा आणि उत्पादन चांगले, असा मेळ त्यात साधला गेला.

सुवासिक तांदळाच्या वासात सर्वांत मोठा वाटा ‘२-अॅसिटिल-१-पायरोलिन’ या संयुगाचा असतो. बासमतीतही तेच असते. नाकाला ते इतके चटकन कळते, की पाण्याच्या एक हजार कोटी भागांत त्याचा एक भाग असला तरी वास जाणवू शकतो. भाताच्या रोपात हे संयुग तयार होते, तेव्हा त्यातला नायट्रोजन मुख्यतः प्रोलिन या अमिनो आम्लाकडून येतो. अमिनो आम्ले म्हणजे प्रथिनांच्या विटा. प्रोलिन ही त्यांतली एक लहानशी वीट. कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन मिळून अवघे १७ अणू.

भाताच्या रोपात प्रोलिन हा कच्चा माल असतो, तो वापरला जातो आणि संपतो. रसायनशास्त्रज्ञांना मात्र त्याचा वेगळाच गुण सापडला. प्रयोगशाळेत तो उत्प्रेरक म्हणून काम करतो, म्हणजे स्वतः न संपता दुसऱ्या रेणूंना जोडतो. शिवाय ते कोणत्या बाजूने जोडले जावेत, हेही तो ठरवतो. औषधांच्या बाबतीत ही बाजूच कळीची असते.

उत्प्रेरक म्हणजे नेमके काय?

मुंबईहून पुण्याकडे येणाऱ्या लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने जोडली जातात. रेल्वेच्या भाषेत त्यांना ‘बँकर’ म्हणतात. बोरघाटातली पाचशे मीटरहून अधिक उंचीची चढण गाडी या इंजिनांच्या मदतीने पार करते. लोणावळ्यात बँकर सुटतात. गाडी पुण्याला जाते आणि बँकर पुढच्या गाडीसाठी पुन्हा मोकळे होतात. एकाच बँकरकडून दिवसभरात अनेक गाड्या चढवल्या जातात.

उत्प्रेरकाचे वागणे असेच असते. तो अभिक्रियेत भाग घेतो, काम झाले की जसाच्या तसा बाहेर पडतो आणि पुढच्या रेणूकडे वळतो. फरक एकच आहे. उत्प्रेरक रेणूंना मागून ढकलत नाही, तो चढणच कमी करतो. द्रुतगती मार्गावर कामशेतचा डोंगर चढून ओलांडावा लागत नाही, बोगद्यातून पलीकडे जाता येते, तसा हा प्रकार. दोन रेणू एकत्र येऊन तिसरा तयार होण्याआधी ऊर्जेचा एक घाट लागतो. उत्प्रेरक त्या घाटातून कमी उंचीची वाट काढून देतो. त्यामुळे जी अभिक्रिया एरवी फार सावकाश झाली असती किंवा झालीच नसती, ती नेहमीच्या तापमानाला होते. ‘कॅटॅलिसिस’ हा शब्द स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी १८३५ मध्ये रूढ केला.

औषधाला डावा-उजवा हात कसा असतो?

पायातली डावी आणि उजवी चप्पल एकाच मापाची, एकाच कातड्याची असते. तरीही एक दुसरीच्या जागी बसत नाही, कारण दोन्ही एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असतात. कार्बनच्या अनेक रेणूंचे असेच आहे. अणू तेच, संख्या तीच, जोडणीचा क्रमही तोच, पण त्रिमितीतली मांडणी आरशात पाहिल्यासारखी उलटी. तांबड्या-पांढऱ्या स्फटिकांच्या खेळासारखी ही केवळ गंमत नाही. १८४८ मध्ये लुई पाश्चर यांनी टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे डावे आणि उजवे स्फटिक भिंगाखाली वेगळे काढले, तेव्हापासून रसायनशास्त्र या प्रश्नाला भिडत आले आहे.

फरक ओळखायला स्वयंपाकघर पुरते. पुदिन्याचा वास आणि बाळंतशेपांचा वास यांत कोणी गल्लत करणार नाही. दोन्हींत कार्व्होन हेच संयुग असते, पुदिन्यात एका हाताचे, बाळंतशेपांत दुसऱ्या हाताचे. नाकातले ग्राहक रेणू स्वतः एका हाताचे असल्यामुळे त्यांना हे दोन वेगळे पदार्थ वाटतात.

शरीरातली प्रथिनेही एकाच हाताच्या अमिनो आम्लांची बनलेली असतात. म्हणून औषधाचा एक हात कुलपात बरोबर बसतो, दुसरा नुसता फिरत राहतो किंवा भलत्याच कुलपाला लागतो. सर्दी-अॅलर्जीसाठीच्या सेटिरिझिनची नेहमीची गोळी १० मिलिग्रॅमची असते, तर लेव्होसेटिरिझिनची ५ मिलिग्रॅमची. पहिलीत दोन्ही हात निम्मे-निम्मे असतात. दुसरीत फक्त कामाचा हात ठेवलेला असतो, त्यामुळे अर्धी मात्रा पुरते.

यात पणाला काय लागते?

क्षयरोगाचे उदाहरण घेतले तर हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण एक चतुर्थांश भारतात आहेत. उपचाराच्या पहिल्या फळीतल्या चार औषधांपैकी एक एथॅम्ब्युटॉल आहे. सरकारी उपचारात मोठ्या माणसांना दिल्या जाणाऱ्या चार औषधांच्या एकत्रित गोळीत ते २७५ मिलिग्रॅम असते. पन्नास ते चौसष्ट किलो वजनाच्या रुग्णाला रोज अशा चार गोळ्या, म्हणजे ११०० मिलिग्रॅम एथॅम्ब्युटॉल घ्यावे लागते. पहिल्या दोन महिन्यांनंतरच्या चार महिन्यांतही हे औषध सुरूच राहते. सहा महिन्यांचा हिशेब केला तर एका रुग्णाच्या पोटात या एकाच औषधाचे पावणेदोनशे ते दोनशे ग्रॅम जातात.

एथॅम्ब्युटॉलच्या रेणूत हाताचा प्रश्न दोन ठिकाणी येतो. दोन्ही जागी योग्य हात असेल, तरच ते क्षयाच्या जंतूंवर नीट काम करते. कच्चा माल हातांची निवड न करता वापरला, तर तयार होणाऱ्या मिश्रणाचा फक्त पाव हिस्सा कामाचा असतो. पाव हिस्सा पूर्ण उलटा आणि उरलेला निम्मा एका बाजूने बरोबर, दुसऱ्या बाजूने चूक. असे मिश्रण द्यायचे ठरवले, तर त्याच परिणामासाठी रुग्णाला चौपट औषध गिळावे लागेल. एथॅम्ब्युटॉलचा दुष्परिणाम दृष्टीवर होऊ शकतो आणि मात्रा वाढली की त्याची जोखीम वाढते. त्यामुळे निरुपयोगी रूपांचे ओझे शरीरावर टाकणे परवडणारे नाही. योग्य हाताचाच रेणू तयार करणे ही येथे चैन नाही, गरज आहे.

आधी हे काम कसे केले जाई?

सर्वांत जुना मार्ग म्हणजे दोन्ही हात तयार करायचे आणि नको तो बाजूला काढायचा. एथॅम्ब्युटॉलसाठी लागणाऱ्या अमिनोब्युटॅनॉल या कच्च्या मालाचे दोन हात टार्टारिक आम्लाच्या मदतीने वेगळे करता येतात. चिंचेला आंबटपणा देणारे हेच ते आम्ल. पद्धत खात्रीची आहे, पण निम्मा माल चुकीच्या हाताचा निघतो. तो टाकून द्यावा लागतो किंवा त्यावर पुन्हा प्रक्रिया करावी लागते.

दुसरा मार्ग असा उत्प्रेरक वापरण्याचा, जो मुळातच एका हाताकडे झुकलेला असतो. २००० सालापर्यंत असे उत्प्रेरक ढोबळमानाने दोनच प्रकारचे मानले जात. पहिला प्रकार एन्झाइमचा. सजीवांच्या पेशींत काम करणारी ही प्रथिने हजारो अणूंची असतात आणि हाताच्या बाबतीत फारशी चूक करत नाहीत. दुसरा प्रकार धातूंचा. ऱ्होडियम, रुथेनियम, पॅलेडियम यांसारख्या धातूंभोवती एका हाताचे सेंद्रिय रेणू गुंफून उत्प्रेरक बनवले जातात. या कामासाठी विल्यम नोल्स, र्‍योजी नोयोरी आणि बॅरी शार्पलेस यांना २००१चे नोबेल मिळाले.

धातूंच्या अडचणी मात्र होत्याच. ऱ्होडियम अनेकदा सोन्याहून महाग असतो. असे बरेच उत्प्रेरक हवेतल्या ओलाव्याने आणि ऑक्सिजनने बिघडतात, त्यामुळे कोरड्या नायट्रोजनमध्ये काम करावे लागते. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अशा हवेत ही अट किती जड जाईल, याची कल्पना करता येते. तिसरी अडचण औषधाच्या शुद्धतेची. धातूचा अंश गोळीत उरून चालत नाही. औषध उद्योगात पाळल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार तोंडाने घ्यायच्या औषधातून दिवसाला १०० मायक्रोग्रॅमहून अधिक पॅलेडियम शरीरात जाता कामा नये. ही मर्यादा पाळण्यासाठी शुद्धीकरणाचे जादा टप्पे लागतात आणि प्रत्येक टप्प्याला खर्च येतो.

प्रोलिनने काय बदलले?

१९९०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या स्क्रिप्स संशोधन संस्थेत बेंजामिन लिस्ट हे उत्प्रेरकासारखे काम करणाऱ्या प्रतिपिंडांवर संशोधन करत होते. एन्झाइम प्रचंड मोठे असते, पण प्रत्यक्ष काम त्यातली मोजकी अमिनो आम्लेच करतात. मग बाकीचा डोलारा हवाच कशाला, असा प्रश्न त्यांना पडला. फारशी अपेक्षा न ठेवता त्यांनी नुसते प्रोलिन वापरून पाहिले आणि ते चालले.

सहकाऱ्यांसह २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात त्यांनी अॅसिटोन आणि अल्डिहाइड यांची जोडणी प्रोलिनच्या साह्याने करून दाखवली. आयसोब्युटिराल्डिहाइड वापरले तेव्हा ९७ टक्के उत्पादन मिळाले आणि दोन हातांचे प्रमाण ९८ विरुद्ध २ असे आले. धातू नाही, एन्झाइम नाही, विशेष कोरडी हवा नाही.

प्रोलिनचे काम समजायला फार अवघड नाही. त्याच्या रेणूत पाच अणूंचे एक कडे असते आणि त्या कड्यात नायट्रोजन बसलेला असतो. कड्याला लागून आम्लाचा गट असतो. नायट्रोजन अॅसिटोनला धरतो, त्यातून पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि अॅसिटोन जोडणीसाठी उत्सुक बनते. त्याच वेळी आम्लाचा गट दुसऱ्या रेणूला हायड्रोजनच्या बंधाने पकडून एका ठरावीक बाजूने जवळ आणतो. एका हाताने पातेले धरायचे आणि दुसऱ्या हाताने ढवळायचे, तसे हे चालते. दोन रेणू जुळले की पाणी परत येते, प्रोलिन सुटते आणि पुढच्या जोडीकडे वळते.

प्रोलिन स्वतः एका हाताचे असल्यामुळे बनणारा रेणूही एका हाताकडे झुकतो. निसर्गात आढळते ते प्रोलिन एका हाताचे, पण त्याची उलटी प्रतिमाही बाजारात मिळते. उत्प्रेरक उलटा घेतला, तर उत्पादनही उलट्या हाताचे मिळते. त्यामुळे हवा तो हात निवडता येतो.

नोबेल दोघांना का?

त्याच वर्षी बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिड मॅकमिलन स्वतंत्रपणे याच दिशेने पोहोचले होते. आधी त्यांनी धातूंच्या उत्प्रेरकांवर काम केले होते. प्रयोगशाळेत गाजणारे हे उत्प्रेरक कारखान्यात फारसे वापरले जात नाहीत, हे त्यांच्या लक्षात आले. कारण ते नाजूक होते आणि महागही. मग त्यांनी अमिनो आम्लापासून इमिडाझोलिडिनोन हा साधा सेंद्रिय रेणू तयार केला आणि त्याच्या साह्याने दुसरी एक महत्त्वाची अभिक्रिया एका हाताने घडवून दाखवली. या पद्धतीला ‘ऑर्गॅनोकॅटॅलिसिस’, म्हणजे सेंद्रिय उत्प्रेरण, हे नाव त्यांनीच रूढ केले. यातला ‘सेंद्रिय’ हा शब्द सेंद्रिय शेतीतला नव्हे. रसायनशास्त्रात सेंद्रिय म्हणजे कार्बनच्या सांगाड्याचा रेणू. तो नैसर्गिक असेल किंवा कारखान्यात बनवलेला.

६ ऑक्टोबर २०२१ रोजी लिस्ट आणि मॅकमिलन यांना रसायनशास्त्राचे नोबेल जाहीर झाले.

याआधी कोणाला हे सुचलेच नव्हते का?

सुचले होते. जर्मनीत युस्टुस फॉन लिबिग यांनी १८६० मध्ये अॅसिटाल्डिहाइड या साध्या सेंद्रिय रेणूकडून उत्प्रेरकाचे काम करून घेतले होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोयनेलच्या, म्हणजे सिंकोना झाडाच्या सालीतल्या रेणूंचाही असा वापर झाला. १९७१च्या सुमारास हॉफमन-ला रोश आणि शेरिंग या दोन औषध कंपन्यांतल्या संशोधकांनी स्टेरॉइड औषधांकडे नेणारा एक रेणू एका हाताने बनवण्यासाठी चक्क प्रोलिनच वापरले होते.

तरीही जवळपास तीस वर्षे त्या कामाकडे एका विशिष्ट औषधापुरती युक्ती म्हणूनच पाहिले गेले. ही युक्ती इतर असंख्य अभिक्रियांनाही लागू पडेल, हे २००० मध्ये स्पष्ट झाले. लिस्ट आणि मॅकमिलन यांचे श्रेय त्या व्यापक नजरेचे आहे. त्यानंतर जगभरातल्या प्रयोगशाळा या विषयाकडे वळल्या. त्यात पुणेही मागे राहिले नाही.

पुण्यात काय काम झाले?

पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे, म्हणजे ‘एनसीएल’चे, उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. इंद्रायणी जिथे घडली ते वडगाव मावळ येथून जवळच. याच प्रयोगशाळेत ए. सुदलाई यांच्या गटाने २००६ मध्ये प्रोलिन वापरून एथॅम्ब्युटॉलचे योग्य हाताचे रूप तयार करण्याचा मार्ग प्रसिद्ध केला. सुरुवात ब्युटिराल्डिहाइड या स्वस्त, सहज मिळणाऱ्या आणि हातच नसलेल्या रेणूपासून होते. प्रोलिनच्या मदतीने त्यावर ऑक्सिजन किंवा नायट्रोजन एका ठरावीक बाजूने बसवला जातो आणि तिथेच रेणूचा हात पक्का होतो. दोन्ही हात बनवून निम्मा माल बाजूला काढण्याऐवजी हवा तोच हात घडवायचा, हा या मार्गाचा गाभा.

२००९ मध्ये एनसीएलच्याच दुसऱ्या एका गटाने हृदयविकार आणि उच्च रक्तदाबात वापरल्या जाणाऱ्या प्रोप्रॅनोलॉलचा कामाचा हात प्रोलिनच्या साह्याने तयार केला. प्रदीप कुमार यांच्या गटाने प्रोलिनच्या अशाच अभिक्रिया एकापाठोपाठ एक जोडून अनेक जैवसक्रिय संयुगे बनवली. त्यांचा या विषयावरचा आढावा २०१३ मध्ये एका प्रतिष्ठित आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

ए. टी. बिजू यांनी एनसीएलमध्ये असताना सेंद्रिय उत्प्रेरकांच्या ‘कार्बीन’ या दुसऱ्या घराण्यावर काम केले. या घराण्याचा निसर्गातला नातेवाईक थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व. ते शरीरात नेमके कसे काम करते, हे रोनाल्ड ब्रेस्लो यांनी १९५८ मध्ये उलगडले. ते हातसडीच्या तांदळाच्या कोंड्यात असते आणि तांदूळ पांढराशुभ्र होईपर्यंत सडला की बरेचसे निघून जाते. म्हणजे भाताच्या एकाच दाण्यात या विषयातले दोन रेणू सापडतात.

एथॅम्ब्युटॉलचा हा मार्ग प्रयोगशाळेतला आहे. कारखान्यांत रुळलेली पद्धत वेगळीच आहे. औषध आधीच स्वस्त असेल आणि जुनी पद्धत बसलेली असेल, तर ती बदलण्यासाठी नव्या मार्गाला खर्चात स्पष्ट सरशी दाखवावी लागते. अशा शोधनिबंधांचे मोल दुसरीकडे आहे. कोणत्या रेणूपर्यंत कोणत्या वाटेने पोहोचता येते, याचा नकाशा ते तयार करतात. त्या निमित्ताने शिकलेले विद्यार्थी पुढे औषध कंपन्यांत जातात आणि हा नकाशा सोबत नेतात.

स्वाइन फ्लूच्या औषधाशी याचा काय संबंध?

देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात झाला. शाळा बंद, तपासणीसाठी रांगा आणि तोंडाला रुमाल बांधलेले शहर अनेकांना आठवत असेल. त्या काळात सर्वांच्या तोंडी असलेले औषध म्हणजे ओसेल्टामिव्हिर, बाजारातले टॅमिफ्लू. ते बनवण्याची प्रचलित पद्धत शिकिमिक आम्लापासून सुरू होत असे आणि हे आम्ल प्रामुख्याने मसाल्यातल्या चक्रीफुलातून काढले जात असे. साथीच्या काळात जगाची मागणी एका मसाल्याच्या पिकावर अवलंबून राहणे धोक्याचे होते.

त्याच २००९च्या सुरुवातीला जपानमध्ये युजिरो हायाशी यांच्या गटाने चक्रीफुलाशिवाय ओसेल्टामिव्हिर बनवण्याचा मार्ग प्रसिद्ध केला. त्यातला उत्प्रेरक प्रोलिनमध्येच थोडा बदल करून बनवलेला होता. नऊ अभिक्रिया तीन भांड्यांत उरकल्या जात आणि एकूण उत्पादन ५७ टक्के मिळे. एकेका टप्प्यानंतर माल बाहेर काढून शुद्ध करण्याची गरज कमी झाली की द्रावक, वेळ आणि वाया जाणारा माल या तिन्हींत बचत होते. पुढे याच गटाने हे औषध एकाच भांड्यात तासाभरात तयार करून दाखवले.

मग सगळीकडे हीच पद्धत का नाही?

कारण तिच्याही मर्यादा आहेत. पहिली मर्यादा प्रमाणाची. लिस्ट यांच्या मूळ प्रयोगात कच्च्या मालाच्या शंभर रेणूंमागे प्रोलिनचे तीस रेणू लागले होते. धातूंचे चांगले उत्प्रेरक अनेकदा शंभरात एकाहूनही कमी प्रमाणात पुरतात. बँकरच्या भाषेत सांगायचे तर येथे दहा गाड्यांसाठी तीन इंजिने लागली. प्रोलिन स्वस्त असल्याने हे खपून जाते. उत्प्रेरक गुंतागुंतीचा असेल, तर खर्च वाढतो. गेल्या काही वर्षांत मात्र फार कमी प्रमाणात काम करणारे सेंद्रिय उत्प्रेरकही तयार झाले आहेत.

दुसरी मर्यादा कामाच्या प्रकाराची. काही जोडण्या धातूंनाच जमतात. २०२१ मध्ये एका नामांकित नियतकालिकात असा दावा छापून आला, की एरवी पॅलेडियम लागणारी सुझुकी अभिक्रिया केवळ सेंद्रिय अमाइनने घडवता येते. इतर संशोधकांनी तपासले तेव्हा त्या अमाइनमध्ये ते बनवताना वापरलेल्या पॅलेडियमचा अंश उरल्याचे आढळले. काम करत होते ते पॅलेडियमच. तो निबंध त्याच वर्षी मागे घेण्यात आला.

तिसरी गोष्ट पर्यावरणाची. धातू नाही म्हणजे प्रक्रिया आपोआप हिरवी झाली, असे नाही. औषधनिर्मितीतल्या कचऱ्यात मोठा वाटा द्रावकांचा असतो. उत्प्रेरक निरुपद्रवी असला आणि द्रावक टँकरने लागत असेल, तर फायदा मर्यादितच राहतो. म्हणूनच पाण्यात किंवा कमी द्रावकात चालणाऱ्या सेंद्रिय उत्प्रेरणावर आता भर दिला जात आहे.

सामान्य माणसाने यातून काय घ्यावे?

औषधाच्या पाकिटावर ‘लेव्हो’, ‘डेक्स’, ‘एस’ किंवा नावाच्या सुरुवातीला ‘एस्’ असे काही दिसले, तर बहुतेक वेळा ते रेणूच्या हाताबद्दल असते. लेव्होसेटिरिझिन, एस-अॅम्लोडिपिन, एसोमेप्रॅझोल ही त्याची नेहमीची उदाहरणे. नाव सारखे वाटले तरी मात्रा वेगळी असू शकते, त्यामुळे डॉक्टरांना न विचारता एकाऐवजी दुसरी गोळी घेऊ नये. नावात असे काही नसले तरी हात निवडलेला असू शकतो. एथॅम्ब्युटॉलच्या नावात त्याची कसलीच खूण नाही, पण गोळीत फक्त योग्य हातच असतो.

रुग्णाला हे कळण्याची गरजही पडत नाही. चार गोळ्या पाण्याबरोबर घ्यायच्या आणि सहा महिने त्यात खंड पडू द्यायचा नाही, एवढेच त्याच्या हाती असते. त्या गोळ्यांमधला प्रत्येक मिलिग्रॅम कामाचा असावा, ही जबाबदारी रसायनशास्त्रज्ञांची. ती पार पाडण्यासाठी दर वेळी सोन्याच्या भावाचा धातू लागतोच असे नाही, कधी कधी भाताच्या रोपात सापडणारा सतरा अणूंचा रेणूही पुरतो.